कुठलं पुस्तक हवंय?

श्रावणातली दुपार होती. बाहेर ऊन-पावसाचा खेळ चाललेला आणि ग्रंथालयाच्या देवघेव विभागात चिटपाखरू नव्हतं. तो आला, पांढरी काठी दुमडून काखेत धरली आणि काउंटरच्या कडेवर दोन बोटं टेकवून उभा राहिला. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मराठी. दोन वर्षांत त्याच्यासाठी मी इतकी पुस्तकं स्कॅनरखाली घातली आहेत की त्याचा अभ्यासक्रम आता मलाही पाठ झालाय. मी सवयीने अर्जाचा कागद पुढे ओढला. तो म्हणाला, "मॅडम, आज सिलॅबसचं काही नकोय." "मग?" "असंच काहीतरी." मी म्हटलं, "कुठलं पुस्तक हवंय ते सांग, लगेच लावते स्कॅनला." तो म्हणाला, "तेच तर माहीत नाही ना. कपाटात काय काय आहे?" मला हसू आलं. म्हटलं, "अरे, तीन मजले भरून पुस्तकं आहेत! काय काय म्हणून सांगू? आधी नाव काढ, मग ये." तो "बरं" म्हणाला. काखेतली काठी झटकली, तिचे चार सांधे टकटक करत जुळले, आणि तो गेला.

ते "बरं" रात्री भांडी आवरताना पुन्हा ऐकू आलं.

सव्वीस वर्षं मी हा प्रश्न विचारतेय. कुठलं पुस्तक हवंय? दिवसातून पन्नास वेळा तरी. भाजीवाला "काय देऊ ताई?" म्हणतो तसाच. पण भाजीवाला विचारतो तेव्हा हातगाडी आपल्या समोर उभी असते. दोडका घ्यायला गेलेली बाई कोवळी गवार दिसली म्हणून गवार घेऊन येते. माझं स्वतःचं वाचन तरी दुसरं काय आहे? ज्या पुस्तकासाठी रॅकपाशी गेले ते क्वचितच मिळालं, त्याच्या शेजारचं हाताला लागलं, आणि एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत तिथेच अर्धं वाचून झालं. पुस्तक चाळणं म्हणतो आपण. शब्द धान्याचा आहे. चाळणीत आधी काहीतरी पडावं लागतं, तेव्हा चाळता येतं. आणि मी त्या मुलाला सांगत होते, आधी नाव काढ.

आमच्या ग्रंथालयात तळमजल्यावर, झेरॉक्सच्या मागे, एक खोली आहे. पाटीवर पूर्वी 'अपंग' होतं, आता 'दिव्यांग विद्यार्थी कक्ष' आहे. जुन्या अक्षरांवर नवा रंग दिलाय, उन्हं तिरपी झाली की खालचा शब्द वर येतो. 2016 चा कायदा झाला, दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले, उच्च शिक्षणातलं आरक्षण पाच टक्क्यांवर गेलं, त्या लाटेत आमच्याकडेही सामान आलं. एक स्कॅनर. पान कॅमेऱ्याखाली ठेवलं की अक्षर वाटीएवढं करून पडद्यावर दाखवणारं एक भिंग-यंत्र. ब्रेल छापणारा प्रिंटर, जो सुरू केला की शेजारच्या वाचनकक्षातली मुलं दचकून बघतात, पिठाच्या गिरणीत कुणी टाइपरायटर टाकलाय असा त्याचा आवाज. सगळं आलं आणि प्लॅस्टिकच्या आवरणात बसलं. खोलीची किल्ली भांडारात, भांडाराचा माणूस दुपारी जेवायला गेला की तीनपर्यंत येत नसे. कुठली तरी समिती येणार म्हटलं की मामा आवरणं काढायचे, फडकं मारायचे, समितीचा फोटो झाला की पुन्हा घालायचे. मला ती खोली मिळाली ती कसल्या कौतुकाने नव्हे, आमच्या विभागात तेव्हा माझ्याकडेच काम कमी होतं म्हणून.

कमी दिसणारी एक मुलगी पहिल्यांदा त्या भिंग-यंत्रापाशी बसली तो दिवस मात्र आठवतो. वाणिज्य शाखेची. तिने बटण फिरवून पान उलटं केलं, म्हणजे काळ्यावर पांढरं. पांढऱ्या कागदाची झळ तिच्या डोळ्यांना सोसत नाही हे मला तोवर माहीतच नव्हतं. मग तिने अक्षर वाढवत नेलं, नेलं, एका 'क्ष'ने सगळा पडदा भरून टाकला, आणि ती म्हणाली, "अय्या, हा असा असतो होय!" अठरा वर्षं 'क्ष' लिहीत आली होती ती. मी हसले तिच्याबरोबर, आणि नंतर उगाच दोन-तीन जणांना तो किस्सा ऐकवला. का कोण जाणे, ऐकवताना थोडं चोरीचं वाटायचं.

आता त्या मुलाचं पुस्तक कसं तयार होतं ते सांगते, कारण हे काम ज्याने केलं नाही त्याला वाटतं बटण दाबलं की झालं. आधी पान स्कॅन करायचं, मग संगणकाने चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करायचा, मग स्क्रीन-रीडरने तो बोलायचा. आमची पुस्तकं बायंडरने अशी आवळून शिवलेली की ओळीची सुरुवात शिवणीच्या घळीत जाते. बाहेर राहतो 'ळा', आत जातो 'शा'. कुणीतरी 1980 च्या सुमाराला पेनाने रेघा मारून ठेवलेल्या असतात, त्या रेघेत उकार आणि ऊकार बुडतात. भ आणि म, घ आणि ध, ही जुनी भांडणं. 'विहीर भरली'ची 'विहीर मरली' झालेली मी स्वतः दुरुस्त केलीय. 'दुसऱ्या'मधला तो अर्धचंद्रासारखा र तर आमच्या यंत्राला अजून झेपत नाही. आणि आमचे शिक्के! प्रत्येक ग्रंथालयाचं एक गुप्त पान ठरलेलं असतं, पुस्तक चोरीला गेलं तर ओळख पटावी म्हणून त्यावर दाखलअंक आणि जांभळा गोल शिक्का मारतात. आमचं कुठलं ते सांगायचं नसतं, पण त्याला कधीच कळलंय. एकदा म्हणाला, "मॅडम, तुमच्या प्रत्येक पुस्तकात त्याच पानावर नायिका बोलता बोलता एकदम विद्यापीठाचं नाव घेते."

पहिल्या वर्षी मी त्याच्या हेडफोनचा एक कान माझ्या कानाला लावला. चिमण्यांची शाळा सुटल्यासारखी नुसती चिवचिव. म्हटलं हे बिघडलंय. तो म्हणाला, नाही, वाचतोय की मी. तीन ओळी म्हणूनही दाखवल्या. मग माझ्यासाठी त्याने वेग कमी केला तेव्हा कुठे शब्द सुटे झाले, आणि आवाज तो किती रुक्ष! डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. मी लगेच सुचवलं, हल्ली माणसासारखे गोड आवाज मिळतात, तसला टाकू. तो म्हणाला, "गोड आवाज पळवला की चिखल होतो मॅडम. हाच बरा, कितीही पळवा, अक्षर तुटत नाही." त्या यंत्राला चमचा म्हणता येत नाही. 'चार'मधला च आणि 'चारा'मधला च आपण वेगळे बोलतो हे त्याच्या गावीच नाही, त्यामुळे त्याचा चोरसुद्धा हिंदी पिक्चरमधला वाटतो. मुलाला त्याचं काही नाही. त्याच्या डोक्यात तो आवाज कधीच विरघळून गेलाय, जसं छापील पान वाचताना आपल्याला शाईचा रंग दिसत नाही.

हा वाचणारा प्रोग्राम, एनव्हीडीए, फुकट आहे, हे कळलं तेव्हा आमच्या कार्यालयाला फार शंका आली होती. फुकटचं म्हणजे काहीतरी गडबड. त्याआधी एक महागडा घेतला होता, तो एकाच संगणकावर चालायचा आणि त्या संगणकाची बॅटरी गेली की वाचनही गेलं. 2006 साली ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन नावाच्या तरुणाने हा नवा लिहायला घेतला, तो स्वतः अंध. डोळसांइतकेच पैसे मोजून संगणक घ्यायचा आणि तो बोलावा म्हणून वर तेवढेच पुन्हा मोजायचे, हे त्याला पटेना. हे मी एका टिपणीत लिहून वर पाठवलं. मंजुरी मिळाली, फुकट वस्तूलाही मंजुरी लागते. पुस्तक अख्खं स्कॅन करण्यावरूनही असाच घोळ झाला. आमचे साहेब म्हणाले, प्रकाशक कोर्टात खेचेल. त्यांना 2012 ची कॉपीराइट कायद्याची दुरुस्ती छापून दाखवावी लागली, की छापील पान ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तकाचं रूपांतर करायला परवानगी लागत नाही. याच गोष्टीसाठी पुढे माराकेशला जो आंतरराष्ट्रीय करार झाला त्याला 2014 मध्ये जगात सगळ्यात आधी मान्यता देणारा देश आपला आहे, हेही सांगितलं. साहेबांना ते आवडलं. देशाचं नाव निघालं की फाइल हलते. पण हलताना तिने एक अर्ज सोबत आणला. विद्यार्थ्याचे नाव, प्रमाणपत्र क्रमांक, ग्रंथाचे शीर्षक, दाखलअंक, आणि शेवटचा रकाना: प्रयोजन.

प्रयोजनात मी कायम 'अभ्यासक्रम' लिहीत आले.

एकदा तो त्याच्या एका सरांच्या नोट्स घेऊन आला, पेन ड्राइव्हवर. म्हणाला, हे काय बोलतंय बघा. फाइल उघडली तर पडद्यावर स्वच्छ, सुंदर मराठी. आणि यंत्र म्हणतंय, ई जे के बी एच. मी पुन्हा लावलं. ई जे के बी एच. तो शब्द होता 'मराठी'. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला संगणकात स्वतःची ओळख देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला. डोळ्यांना देवनागरीचा मुखवटा, आत सगळी इंग्रजी अक्षरं. म च्या जागी ई, र च्या जागी जे, काना म्हणजे के, ठ म्हणजे बी, दुसरी वेलांटी म्हणजे एच. आपल्याकडची वर्षानुवर्षांची परिपत्रकं, प्रबंध, प्रश्नपेढ्या अशा मुखवट्यात आहेत. सरांना फोन केला तर ते मनापासून म्हणाले, "माझ्या मशीनवर तर नीट दिसतंय की हो!" खरंच दिसत होतं. त्यांचं काय चुकलं? मीही आमच्या कॅटलॉगमध्ये निम्मी मराठी पुस्तकं रोमन लिपीत चढवली आहेत, जो ज्या दिवशी बसला त्याने त्याला सुचेल तसं स्पेलिंग केलं. 'श्री' शोधायचा तर एक आय, दोन ई, सगळं करून बघावं लागतं. नजर त्या यादीवरून घसरत जाते आणि बरोबर नावावर थांबते. कानाला असं घसरता येत नाही, त्याला एकेक ओळ संपेपर्यंत थांबावं लागतं.

कॉलेजात असताना एनएसएसच्या शिबिरानंतर आम्ही काही मुली अंध मुलींच्या वसतिगृहात रविवारी वाचून दाखवायला जायचो. माझ्या वाट्याला आलेली मुलगी माझ्याच वयाची होती, कादंबऱ्या ऐकायची भारी हौस. एका कादंबरीत नको तिथे मी अडखळले. रात्र, पाऊस, बंद दार, वगैरे. माझे कान तापले. मी एक श्वास घेतला आणि दोन पानं एकदम उलटली. कथानक तसं काही तुटलं नाही. ती ऐकत राहिली, प्रकरण संपलं, आणि उठताना अगदी साधेपणाने म्हणाली, "पान आज जाड वाटलं गं." मी काय बोलले आठवत नाही. पुढच्या रविवारी मला ताप होता, त्यापुढच्या रविवारी परीक्षा. मी पुन्हा गेले नाही. ती दोन पानं तिला कुणी वाचून दाखवली का, हे मला आजतागायत माहीत नाही.

त्या डब्यातल्या आवाजाचं मला म्हणूनच अप्रूप वाटतं. तो लाजत नाही, गाळत नाही, दमला म्हणून आवरतं घेत नाही. 'रात्र, पाऊस, बंद दार' ज्या सुरात वाचेल त्याच सुरात जीएसटीचं परिपत्रक. मुलगा हेडफोन लावून काय ऐकतोय ते शेजारच्याला कळत नाही. एवढी वर्षं ज्यांचं वाचन कुणाच्या तरी तोंडून, म्हणजे कुणाच्या तरी देखत झालं, त्यांना हे आडोशाचं सुख पहिल्यांदा मिळतंय. पण त्या आडोशापर्यंत पोहोचायचं दार कुठे आहे? माझ्या काउंटरवर. आणि तिथे मी बसलेय, अर्ज घेऊन.

खरं तर मला हे कळायला हवं होतं. आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात कपाटांना जाळी होती आणि जाळीला कुलूप. जाड पुठ्ठ्याची यादी बघून पाच नंबर चिठ्ठीवर लिहायचे, आतले काका त्यातलं एक आणून द्यायचे, बहुतेक वेळा पाचवं. "हे नको" म्हणायची सोय नव्हती. जाळीतून आतली पुस्तकं दिसायची, पण कण्यावरची नावं तिरकी, अर्धीच. मी आठवीत असताना एकदा पावसाचं पाणी आत शिरलं आणि सगळी पुस्तकं वाळवायला सभागृहात सतरंज्यांवर पसरली. तीन दिवस. शाळा सुटली की मी तिथे. काका ओरडायचे, पायाखाली बघा, पण हाकलत नव्हते. त्या तीन दिवसांत ओल्या पानांवरून मी जे वाचलं त्याची नावं मी यादीत बघून कधीच लिहिली नसती.

आठवड्याने तो आला तेव्हा मी म्हटलं, "चल वर." "कुठे?" "चल तर." लिफ्ट चालू होती, हे नशीब. दुसऱ्या मजल्यावर मी त्याला 891.46 च्या रॅकपाशी नेलं, मराठी साहित्य, मराठीचा विद्यार्थी, म्हटलं खूश होईल. दोन रॅकच्या मधून आम्ही एकामागे एक चालत होतो. चाकांच्या खुर्चीवरून येणारा आमचा विधी शाखेचा मुलगा या गल्लीत कधीच शिरू शकत नाही, तो तोंडाशी थांबून मला हाक मारतो, हे तेव्हा जाणवलं आणि बाजूला ठेवलं. एका वेळी एकच. मी कणे वाचायला लागले. नाव, लेखक. नाव, लेखक. तो एक हात पुस्तकांवरून फिरवत येत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "ही सगळी सारखीच कशी लागतात?" रेक्झिनची बांधणी, हिरवट-काळी, सगळ्यांना एकच साचा. म्हटलं, "आम्हीच केलंय ते. टिकावीत म्हणून." माझा आवाज शाळेतल्या हजेरीसारखा व्हायला लागला होता. अर्धा रॅक झाल्यावर तो थांबला. "ही नावं ऐकलेली आहेत मॅडम. पलीकडे काय आहे?" "पलीकडे शेती, पशुसंवर्धन वगैरे." "तिकडे जाऊ?"

तिकडे कुणी जात नाही. ट्यूबलाइट फडफडत होती. मी वाचत गेले: गोपालन, शेळीपालन, चाऱ्याची पिकं. त्याचा हात पुढे पुढे सरकत होता आणि 636.5 पाशी एका ठिकाणी थांबला. दोन जाड पुस्तकांच्या मध्ये एक बारीक, पिनांचं, कडा मऊ पडलेलं पुस्तक होतं, आम्ही बांधायचं विसरलेलं. त्याने ते नखाने बाहेर ओढलं. पिनांचा गंज त्याच्या बोटाला लागला, त्याने तो पँटला पुसला. "हे काय आहे?" "कुक्कुटपालन," मी म्हटलं, "1957 चं. शेतकऱ्यांसाठी." "चित्रं आहेत?" "आहेत. कोंबडा आहे, खुराड्याचा नकाशा आहे." "किती पानं?" "एकशे बारा." "हे द्या."

का, हे अगदी ओठावर आलं होतं. नाही विचारलं.

पुस्तक जुनं, 1962 च्या लेखन-नियमांच्या आधीचं. तेव्हा न उच्चारायचे अनुस्वारही द्यायचे. घरांत, कांहीं, सकाळीं, अंडीं. आपण ते बघतो आणि मनात गाळून वाचतो. यंत्र इमानदार, प्रत्येक टिंब नाकातून काढतं. पहिली दहा पानं त्याला पाठवली तर म्हणाला, कोंबड्यांना सर्दी झाल्यासारखं वाटतंय. मी ते अनुस्वार काढून टाकू का विचारलं. तो म्हणाला, "नको, राहू दे. छापलंय तसं द्या."

अर्ज भरला. शीर्षक, दाखलअंक. प्रयोजनाच्या रकान्यापाशी पेन थोडा वेळ थांबलं आणि मग मी लिहिलं, 'चाळण्यासाठी'. चार दिवसांनी अर्ज परत आला, कोपऱ्यात पेन्सिलीने शेरा: 'प्रयोजन सुस्पष्ट नमूद करावे.' तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. जेवणाच्या सुट्टीत मी एकेक पान करत एकेचाळीसपर्यंत आलेय. काल तो काउंटरवर येऊन दोन बोटं टेकवून विचारत होता, "मॅडम, खुडूक कोंबडीचं प्रकरण झालं का?"

म्हटलं, उद्या.